आबांच्या सोफ्याची पाठ

आबांनी दुसऱ्याच मिनिटाला हात वर केला. "बंद कर वं बेटी. भिंतवर रंग पयी राहिनात नि कानमा मधमाशी गुणगुणी राहिनी. माले काही समजनं नही."

मी स्पेसबार दाबून फिल्म थांबवली. आबा म्हणजे चोपड्याच्या कॉलेज-संस्थेचे अध्यक्ष. ज्या खोलीत आम्ही बसलो होतो तिथे अ‍ॅनिमेशन लॅब करायची की स्टोअररूम, हे त्या दिवशी तेच ठरवणार होते. त्या लॅबच्या भरवशावर मी पुण्याची नोकरी सोडून जळगावात मेहरूणला आईकडे परत आले होते. जळगाव-धुळ्याच्या पोरांना हे काम घराजवळ शिकता यावं, एवढीच माझी हौस.

माझं काम अ‍ॅबस्ट्रॅक्ट अ‍ॅनिमेशनचं. म्हणजे चित्रात माणूस नाही, झाड नाही, गोष्टही नाही. नुसत्या रेषा, रंग आणि त्यांची हालचाल, सगळं कॉम्प्युटरवर केलेलं. जोडीला सराउंड साउंड. खोलीभोवती आणि छताला मिळून आठ स्पीकर लावायचे आणि प्रत्येक आवाजाची जागा ठरवायची. निळी रेषा पडद्याच्या उजव्या कडेतून बाहेर गेली की तिचा आवाज तुमच्या पाठीमागून फिरून डावीकडे यायला हवा. तो आला नाही तर माझी फिल्म म्हणजे खरंच भिंतीवर पळणारे रंग.

मी वायरी तपासल्या. लॅपटॉपवर आठही चॅनलच्या आवाजाच्या पट्ट्या व्यवस्थित हलत होत्या. प्राचार्य हळूच म्हणाले, "मॅडम, केळीवरचं काही नाही का? आबांची बाग आहे."

"सर, केळीवरचं नाहीये!" मी जरा जोरातच बोलले. माझं तोंड असंच आहे.

मग मी आबांशेजारच्या सोफ्यावर जाऊन बसले आणि फिल्म पुन्हा लावली. मागचा आवाज गायब! अगं बाई, सोफा! मंडपवाल्याकडून लग्नातले लाल मखमली सोफे आणले होते. त्यांची पाठ डोक्याच्याही वर. मागच्या स्पीकरचा आवाज फोममध्येच जिरत होता. त्यात सोफे अगदी पडद्याला खेटून.

चूक माझीच. आमच्याकडे पाहुण्याआधी त्याचा सोफा येतो, आणि तो पहिल्याच रांगेत लागतो. जळगावातच लहानाची मोठी झाले मी, तरी आठवडाभर मी रिकाम्या खोलीच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून टेस्टिंग करत होते.

तीच खुर्ची मी मध्ये ठेवली. "आबा, इथे बसा."

प्राचार्यांचा चेहराच उतरला. "अहो मॅडम, आबांना प्लास्टिकच्या खुर्चीवर?"

"सर, आवाज तिथेच येतो. मी काय करू?"

आता संपलंच, असं वाटलं मला. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि खुर्चीवर येऊन बसले. "लाव."

निळी रेषा उजवीकडून बाहेर गेली. आबांची मान गर्रकन मागे वळली. मग डावीकडे. त्यांनी चक्क हात मागे नेऊन हवेत चाचपलं.

"मना मांगे काय गयं वं?"

"रेषा, आबा."

"आते कथी शे?"

"डोक्यावर."

ते वर बघून लहान मुलासारखे हसले. सत्तरी उलटलेला माणूस! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. फिल्म संपल्यावर त्यांनी अर्थ विचारलाच. मी खरं सांगितलं, "अर्थ काही नाही, आबा."

"नसू दे. आखो लाव."

मग त्यांनी प्राचार्य, क्लार्क, शिपाईभाऊ, बठ्ठास्ले, म्हणजे सगळ्यांनाच, एकेक करून त्या खुर्चीवर बसवलं. फिल्म चौदा वेळा चालली. शेवटी प्राचार्यांना म्हणाले, "खोलीनी किल्ली हाई पोरले दी टाका."

लॅब सुरू झाली. पहिल्या बॅचला बारा पोरं-पोरी आहेत, त्यातले चार धुळ्याहून येतात. पहिल्या तासाला मी कॉम्प्युटर उघडूच देत नाही. आधी बघणारा कुठे बसणार ते विचारून या म्हणते, आणि तो तिथे का बसतो तेही.