मढ्याचं काम

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या काकांचं लग्न राहूनच गेलं. आईचं अंथरुणातलं दुखणं काढता काढता वय निघून गेलं आणि आई गेल्यावर घरात 'आलास का?' म्हणणारंही कुणी उरलं नाही. दिवसभर उभं राहायचं, संध्याकाळी भरून आलेले पाय ओढत खोलीवर जायचं, सकाळचंच गरम करून खायचं आणि आडवं व्हायचं. कंटाळा यायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते. काकांकडे तेवढीही नव्हती.

मागच्या गल्लीतल्या रिकाम्या बंगल्यात काही तरुण मंडळींनी पदरमोड करून एक सिनेमा काढायला घेतला होता. त्यांचे कपडे लाँड्रीत येत. एकदा दिग्दर्शिका स्वतःच आली आणि काकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काका, सिनेमात काम कराल? फक्त पडून राहायचंय."

"म्हणजे?"

"मढ्याचं काम आहे."

काकांना हसू आलं. "पडून राहायला मिळतंय ना? मग येतो."

गोष्ट अशी होती: एका बाईचा प्रियकर मरतो. ती कुणाला कळू देत नाही. त्याला खुर्चीत बसवते, पलंगावर निजवते, रोज त्याच्याशी बोलते. आणि हळूहळू तो उत्तरं देतोय असं तिला वाटू लागतं. काकांच्या तोंडाला निळसर रंग फासला गेला. डोळे मिटून, श्वास रोखून ते पडले. नायिका उशाशी बसली, त्यांच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "तू बोलू नकोस. तू आहेस, एवढं पुरे मला."

पहिल्या दिवशी काकांना झोप लागली आणि ते घोरले. सगळे पोट धरून हसले. पण पुढे त्यांची झोप उडाली. इतक्या मायेने त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. एका दृश्यात नायिकेने त्यांच्या छातीवर डोकं टेकलं आणि काकांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. ते मनात म्हणाले, झालं, घालवलं आपण! पण दिग्दर्शिका उडीच मारायची बाकी होती. "मेलेला माणूस रडतोय! हेच ठेवायचं!"

चित्रीकरण संपलं, मंडळी पांगली. नायिकेचा पांढरा झगा तेवढा लाँड्रीतच राहिला. काकांनी कळवायला हवं होतं, कळवलं नाही. झगा त्यांनी खोलीवर नेला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. आधी नुसते बघायचे. मग कामावरून आल्यावर दोन शब्द बोलायचे. मग ताटं दोन घेऊ लागले.

एका रविवारी त्यांची विधवा बहीण न सांगता आली. ताईने दोन ताटं पाहिली, झगा पाहिला.

"कोण आहे रे?"

"कुणी नाही."

"मग ताट कुणाचं?"

काकांनी सगळं सांगितलं. ताईला वाटलं हसावं, पण तिने झगा उचलून त्याची नीट घडी घातली. "उद्याच्या उद्या नेऊन दे," ती म्हणाली. "नाहीतर तुझं डोकं ठिकाणावर राहायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पत्ता काढून दोघं नायिकेच्या घरी गेली; ताई खालीच थांबली. नायिकेने दार उघडलं, पण काकांना ओळखलं नाही. तिने काकांचे डोळे उघडे असे पाहिलेच कुठे होते? काकांनी झगा पुढे केला. "मी... ते मढं."

"अगंबाई, तुम्ही होय!" आत मूल किरकिरत होतं. तिचे केस विस्कटलेले, चेहरा ओढलेला. "मी शोधत होते हा. त्या दिवशी किती छान रडलात हो तुम्ही! मी तर घरी मुलाचा ताप उतरला असेल का, याच विचारात होते."

"बाईसाहेब, तुम्हीही दमलेल्याच दिसता," काका म्हणाले.

"कुणाला सांगायचं?" ती कसनुसं हसली आणि मूल जोरात रडलं म्हणून आत पळाली.

काका जिना उतरले. वाईट वाटलं, पण वाटलं होतं तेवढं नाही. खाली ताई पिशवी सांभाळत उभी होती.

"दिलास?"

"दिला."

"मग सामान बांध आणि चल माझ्याकडे. मागची खोली रिकामीच आहे."

"लोक काय म्हणतील?"

"बहिणीकडे भाऊ राहिला म्हणतील. आणखी काय?"

आता दोघं एकत्र राहतात. ताईला टीव्ही मोठ्याने लागतो, काकांना शांतता हवी असते, आणि त्यावरून रोज वाजतं. रुसवा-फुगवा झाला की ती भांडी आपटते, काका दार लावून घेतात. मग थोड्या वेळाने बाहेरून आवाज येतो, "अरे, जेवायला येतोस की ताट झाकून ठेवू?"