तांबं वाढवणारी साल

पाण्यातलं तांबं कमी करायच्या प्रयोगात ते वाढवून दाखवणारा संशोधक माझ्या माहितीत मी एकटाच.

सत्तरच्या दशकात आमच्या कामरगावात संत्र्याची साल उकिरड्यावर जायची. तीच साल सोड्याच्या पाण्यात शिजवून वाळवली, की पाण्यातलं तांबं ओढून घेते, असं मी ठणकावून सांगत असे. (ठणकावण्यात मी कधी कमी पडलो नाही!) नागपूरचे आमचे सर म्हणाले, "सगळ्यांसमोर करून दाखव. जमलं तर या विषयावर पीएचडी माझ्याकडे कर."

सुट्टीत घरी डबाभर साल तयार केली आणि सुट्टी संपताच डबा उचलून नागपूर गाठलं.

प्रयोगशाळेत अख्खा विभाग जमला. तांबं मोजायच्या यंत्रात पाऱ्याचे थेंब टपटपत होते. पाण्यात तांबं जितकं जास्त, तितकी कागदावरची रेघ वर चढणार.

"आता बघा सर, रेघ कशी खाली बसते ती!" मी साल टाकली, ढवळली, पाणी गाळलं.

रेघ बसली नाही. उठली!

मी दुप्पट साल टाकली. (आत्मविश्वास!) रेघ कागदाबाहेर गेली.

"यंत्र बिघडलंय, सर," मी छातीठोकपणे सांगितलं.

सरांनी डबा टेबलावर उपडा केला. सालीतून एक चिंचोका घरंगळला.

"संत्र्यात चिंचोका?"

मी तडक गाव गाठलं.

"आई, माह्या डब्याले कोनं हात लावला?"

"मीनं! ताईले पाहाले पाहुणे येऊन राह्यले होते. तांब्या-पितळेचे भांडे काळेकुट्ट! घासाले चिंच कमी पडली, त तुही साल घेतली त्याच्यात. काय चमकले रे भांडे!"

"मंग फेकली काहून नाई?"

"फेकू कायले? तुही मेहनतीची चीज! पिळली, वाळवली, होती तशी डब्यात भरली."

म्हणजे घरातल्या घागरी-परातींचं तांबं पोटभर पिऊन साल नागपूरला आली होती, आणि चिंचेच्या आंबटपणामुळे तिथे सगळं ओकत होती. मला रडूच आलं.

नागपूरला परतून सरांना खरं ते सांगितलं. त्यांनी माझा विषय बदलला. मी दारापर्यंत पोचलो, तोच हाक आली.

"अरे, ती साल उरलीय का थोडी?"

माझी छाती फुगली. "पुन्हा तपासायची, सर?"

"छे! आमच्या मंडळींचा पितळी हंडा काळा पडलाय."

दिली. माझं संशोधन कुणी आपणहून मागून नेलं ते तेवढंच, आणि तेही आईच्या पद्धतीने वापरायला!