अकरा वाजताचं ऊन

विनयचा फोन आला तेव्हा मी धारवाडला घरी पेपर वाचत बसलो होतो. "मामा, आई पडली. पार्किंगमध्ये." माझा हा भाचा घाबरला की असाच तुटक बोलतो. पार्किंगमध्ये ती काय करत होती, असं मी विचारलं. उत्तर त्यालाही ठाऊक होतं, मलाही. माझी मोठी बहीण शालिनीअक्का उन्हाला बसली होती. हुबळीत विद्यानगरातल्या त्या चार मजली इमारतीत उन्हाला बसायला तिला दुसरी जागाच कुणी ठेवली नव्हती. उतारावरची खुर्ची घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ साठला, सोळाव्या दिवशी अक्का गेली. याला दीड महिना झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, वय झालं होतं. अडुसष्ट हे काही मरायचं वय नाही. ते वाक्य आता मला ऐकवत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

अक्का आम्हा भावंडांत सावळी. तिचं लग्न व्हायचं आहे, हे घरात ती सात-आठ वर्षांची असल्यापासून बोललं जायचं. मी भर दुपारी अंगणात गोट्या खेळत असे आणि ती खिडकीत बसून माझे डाव मोजत असे. बाहेर पाऊल टाकलं की आई हाक मारायची, "आत ये, आणखी काळी पडशील." लग्न झालं, पण ती हाक काही तिच्या डोक्यातून गेली नाही. मुलींच्या शाळेत तिनं तीस-बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. कोपरापर्यंतच्या बाह्या, वर पदर, हातात छत्री, रिक्षातून शाळा आणि रिक्षातून घर. सूर्य कुठल्या महिन्यात कुठून उगवतो ते फळ्यावर काढून दाखवणारी बाई स्वतः आयुष्यभर सावलीत चालली.

साठी ओलांडल्यावर तिची कंबर दुखायला लागली, मग मांड्या, मग फासळ्या. खाली बसली की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येईना. दोन वर्षं आम्ही तिला तेलं चोळायला सांगितली. विनय म्हणायचा, निवृत्तीनंतर आईला काही उद्योग राहिला नाही. मी त्याहून शहाणा, मी म्हणायचो, "अक्का, मनावर घेऊ नकोस." शेवटी धारवाडच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिच्या नडगीवर नुसता अंगठा दाबला आणि अक्का कळवळली. रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच, हाडं मऊ पडली होती. "बाई, तुम्ही तळघरात राहता का?" डॉक्टरांनी विचारलं. गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की अकराच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटं उन्हात बसा, डोकं-चेहरा झाका, कातडी तांबूस व्हायच्या आत उठा. जास्त बसलात म्हणून जास्त फायदा नाही.

पासष्ट वर्षं चुकवलेल्या उन्हात अक्का गच्चीवर जाऊन बसली. विनयचा जुना अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गुडघ्यापर्यंत वर घेतलेला परकर, डोक्यावर टॉवेल. पाच-सहा महिन्यांत ती कठड्याला न धरता जिने चढू लागली. एकदा मला म्हणाली, "बाळू, पोटऱ्यांना ऊन लागलं की कसं वाटतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं रे." असं बोलताना तिला मी कधी पाहिलं नव्हतं.

...आणि मग गच्चीला कुलूप लागलं. इमारतीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं, शोभत नाही, घरात वाढत्या वयाच्या मुली आहेत. खाली अंगठ्यांची रांग लागली. अक्का मीटिंगला गेली, मीही सोबत होतो. ती उभी राहून म्हणाली, "मी औषध घ्यायला वर जाते. तुमच्या घरातल्या बायकांनाही हे औषध लागेल, आजच विचारून बघा." सेक्रेटरी गोड हसले. "अक्का, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडरी," थोडं सांभाळून घ्या. तिचे पाय ज्यांना दिसले होते, त्यांची नजर कुणी सांभाळायला सांगितली नाही. विनय खाली मान घालून बसला होता. घरी आल्यावर म्हणाला, "आई, गोळ्या आहेतच ना?" मी तरी काय केलं? वकिली केलेला माणूस, पण भाच्याला त्याच इमारतीत राहायचं आहे म्हणून तोंड उघडलं नाही. त्याऐवजी तिच्या बाल्कनीला चांगली जाड काच बसवून दिली. आत बस, वारा नको, कुणी बघायला नको. अक्का म्हणाली, "काचेतून ऊब येते बाळू, हाडांना लागतं ते येत नाही." मी म्हणालो, "तुझं आपलं काहीतरी." ती खरं बोलत होती. ते मी नंतर डॉक्टरांना विचारलं, ती दवाखान्यात पडून असताना.

जवळची बाग दहाला बंद होते. रस्त्याकडेला बसलं तर लोक थांबून चौकशी करतात. म्हणून ती प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली पार्किंगच्या उतारावर जाऊ लागली, कारण अकरा वाजता दोन गाड्यांच्या मधल्या पट्ट्यातच ऊन यायचं. हाडं मुळातच अधू होती, ती घरातही पडली असती, असं मला समजावलं जातं. असेल. पण घरात फरशी सपाट आहे.

तेराव्याची पंगत कुठे बसवायची, हा प्रश्न आला तेव्हा सेक्रेटरींनी स्वतः येऊन गच्चीची किल्ली माझ्या हातात ठेवली. जागा मोठी आहे, म्हणाले, संकोच करू नका. मांडववाल्यांच्या आधी मी आणि विनय वर गेलो. पाण्याच्या टाकीपाशी फरशीवर लाल ऑइल पेंटच्या रेघा होत्या, प्रत्येकीपुढे महिन्याचं नाव, फळ्यावर लिहावं तसं वळणदार. अकरा वाजता टाकीची सावली कुठपर्यंत येते, ते तिनं दर महिन्याला आखून ठेवलं होतं, म्हणजे खुर्ची कुठे टाकायची ते कळावं. फेब्रुवारीपासून सुरू. जुलैची रेघ नाही, नावापुढे नुसतं 'ढग' लिहिलेलं. ऑक्टोबरनंतर काही नाही.

मागून सेक्रेटरी आले. "हे कुणी केलं? पुसून घेऊ या, थिनरनं जाईल."

विनय रेघांजवळ उकिडवा बसला होता. वर न बघता म्हणाला, "हात लावायचा नाही." इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा आईच्या बाजूनं बोलला, आणि मला त्याचं कौतुक वाटलं नाही, रागच आला. त्याचाही आणि माझाही.

किल्ली मी परत केलेली नाही. दोनदा फोन आला. घ्यायची असेल तर रविवारी सकाळी अकराला वर या, असं मी सांगितलं आहे. दर रविवारी त्या वेळी मी तिथेच असतो, बाह्या वर करून. अजून कुणी आलं नाही.