आटपाडीतले चाळीस होकार

मी साताऱ्याच्या एका कॉलेजात उद्योजकता शिकवतो. स्वतः आयुष्यात पेन्सिलही विकलेली नाही, पण फळ्यापुढे उभा राहिलो की माझ्याएवढा धाडसी व्यापारी पंचक्रोशीत सापडणार नाही. संधी ओळखा, तपासा, साधनं जमवा, उडी मारा. 'उडी' म्हणताना मी खरोखरच उडी मारतो. मागच्या बाकावरचे दचकून जागे होतात.

त्या वर्षी वर्गात एक भाभी होत्या. पंचेचाळिशीच्या, पिंजाऱ्यांच्या घरातल्या, नवऱ्यामागे गाद्यांचं दुकान एकटीनं चालवणाऱ्या. फोमच्या गाद्यांनी गिऱ्हाईक पळवलं म्हणून शिकायला आलेल्या. मी त्यांच्यासाठी आटपाडी शोधून काढली. तिथे कापसाच्या गादीचं दुकान नव्हतं. स्वतः जाऊन चाळीस घरांत विचारून आलो, दुकान निघालं तर गादी घ्याल का? चाळीसही घरं म्हणाली, 'घेऊ की.' परतताना मी इतका खुशीत होतो की एसटीच्या कंडक्टरलाही हे ऐकवलं.

महिन्याभरानं आम्ही आटपाडीत एका गाळ्याच्या मालकासमोर बसलो होतो. करार टेबलावर होता. तीन वाजले होते, आणि त्याच गाळ्यासाठी मोबाइल दुरुस्तीवाला चारला येणार होता. सही केली तर भाभींनी साताऱ्यातला दुकानाचा गाळा सोडायचा, तसं तिथल्या मालकाला संध्याकाळपर्यंत कळवायचं. भाभींचं वीस वर्षांचं दुकान एका पेनाच्या टोकावर आलं होतं, आणि पेन माझं होतं.

भाभींनी टोपण काढलं आणि थांबल्या.

"सर, त्या घरांनी तुमाला चहा दिला?"

"दिला की. सतरा कप झाले, मग मीच हात जोडले."

त्यांनी टोपण परत लावलं. "मी विट्याकडची हाय, सर, हितली जवळचीच. दारात आलेल्या पाव्हण्याला आमी तोंडावर न्हाई म्हणत न्हाई."

त्यांनी मालकाकडे तासाची मुदत मागितली, माझी घरांची यादी घेतली आणि उन्हात निघून गेल्या.

तो तास मी विसरणार नाही. मालकानं अठरावा कप पुढे केला. मी तो नाकारू शकलो नाही, म्हणजे मीही तिथलाच झालो होतो. मालकानं विचारलं, मास्तर, तुमी काय इकता? मी म्हणालो, शिकवतो. "म्हंजे कायच न्हाई," तो म्हणाला आणि घड्याळाकडे बघू लागला. पावणेचारला मोबाइलवाला आला आणि टेपनं दाराची रुंदी मोजायला लागला. मला एकदम दोन नवस बोलावेसे वाटत होते: माझी पाहणी खरी निघू दे, आणि ती खोटी असेल तर भाभी सही करायच्या आत कळू दे.

चारला पाच कमी असताना भाभी आल्या. काखेत एक जुनी, गोळे झालेली गादी. नऊ घरं फिरल्या होत्या. घ्याल का, असं त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. म्हणाल्या होत्या, घरातली जुनी गादी आत्ता माझ्याकडं द्या, आठ दिवसांत पिंजून, शिवून आणते. आठ घरांनी चहा दिला. तिथे कुणाकडे फोम आला होता, कुणाकडे जुन्या साड्यांच्या वाकळीच होत्या. नवव्या घरातल्या म्हातारीनं मात्र अंगाखालची गादी काढून दिली. फोमवर तिची पाठ तापायची.

भाभींनी तिथेच साताऱ्याला फोन लावला. "गाळा सोडत न्हाई," एवढंच म्हणाल्या.

मोबाइलवाल्यानं माझ्याच पेनानं सही केली आणि पेन खिशात घातलं. परतीच्या एसटीत ती गादी माझ्या मांडीवर होती. कंडक्टर तोच. त्यानं चाळीस घरांची चौकशी केली. मी गादीआड तोंड घातलं.

आठ दिवसांनी गादी परत गेली. म्हातारीच्या शेजारणीनं मग आपल्या दोन दिल्या. आता भाभी बाजाराच्या दिवशी टेंपो घेऊन आटपाडीला जातात, जुन्या गाद्या आणतात, नव्या करून पोचवतात. दुकान साताऱ्यातच आहे.

या सगळ्यावर मी आता उद्योजकतेचं एक पुस्तक लिहितो आहे. परवा त्यांच्या दुकानात उत्साहानं शिरलो आणि विचारलं, छापलं तर घ्याल ना?

"घेऊ की, सर," भाभी म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."