टॅकोमीटरवरचा लाल ठिपका

हिवतापानं मला सोडलं, पण त्याच्यावर घेतलेल्या कोयनेलनं माझे कान नेले. डावा ठार गेला, उजव्यात नुसती भणभण. तेव्हा चामोर्शीच्या बाजारातून जंगलपट्टीतली माणसं ने-आण करायला माझी एक मोटार होती, महायुद्धाच्या आधीची. तिचा गिअर इंजिनाचा आवाज ओळखूनच टाकावा लागे, नाहीतर आत गिअरचे दाते खडखडत. आता ती खडखड हाताला कळायची, कानाला नाही. अन् गाडी सुटली तर मी कशाचा? दुसरं काही येतच नव्हतं मला.

म्हणून चांद्याच्या मिस्त्रीकडे गेलो. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारं टॅकोमीटर बसवून दे, म्हटलं. तो काहीतरी पुटपुटला. मला कळेना, तेव्हा उजव्या कानाशी येऊन ओरडला, "तुले काऊन पाह्यजे? तू तं डोळे मिटून गिअर टाकत होता!"

"डोळे आहेत रे! कान गेले!" मी खेकसलो. फार मोठ्यानं असणार, कारण सगळं दुकान वळून पाहू लागलं.

त्यानं भंगारातली दोन मीटरं पुढ्यात ठेवली. एक चकचकीत, आठ हजार फेऱ्यांपर्यंतचं. मी तेच उचललं.

"खुळा का बे तू? तुह्यी म्हातारी तीन हजाराच्या वर जात नाई. काटा कोपऱ्यातच पडून राहीन."

दुसरं चार हजारांचं, काच पिवळी पडलेली, पण काटा ठसठशीत. ते घेतलं. केबल जोडून झाल्यावर तो बॉनेटवर वाकला, इंजिन ऐकत राहिला, आणि गिअर बदलायची वेळ आली तिथं त्यानं काचेवर लाल रंगाचा ठिपका दिला. त्याच्या कानांनी माझं काम केलं. मला मेल्याला रडूच आलं.

पुढच्या बाजाराला काटा ठिपक्यावर आला की मी गिअर टाकायचो. हाताला एकदाही धक्का नाही. इतका खूश होतो, की काट्यावरून नजर हटेना.

शेवटच्या गावी थांबलो, तर एक म्हातारा खिडकीत डोकं घालून ओरडला, "भाऊ, बाई कवाची हाका मारून राह्यली!"

बाई खाली उतरून उभी होती, डोक्यावर मिठाचं गाठोडं, कडेवर तान्हं पोर. तिचा फाटा चार मैल मागे राहिला होता. गाडी चालवणाऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, हाक मारायची, अशी तिकडची रीत. मारल्याच असतील सगळ्यांनी.

"बस बाई, मागं सोडून देतो."

ती दोन पावलं मागे सरली. माझ्या गाडीला भ्याली होती ती. काहीतरी बोलली. मी "काय?" म्हटलं. ती पुन्हा बोलली, आणि मी उगाच मान हलवली. मग भर उन्हात चालत निघाली.

त्याच आठवड्यात गाडी विकली. घेणाऱ्यानं मीटरकडे बोट करून, हे कशाले, असं हातानंच विचारलं.

"काढून टाक," मी म्हणालो. "तुला कान आहेत."