ओइवाच्या बंकरात कोणी येईना

आमच्या इमारतीच्या बंकरचा प्रमुख ओइवा कार्पिनेन. निवृत्त बसचालक. गळ्यात कायम शिट्टी, पायात लष्करी सेवेतले जुने बूट. रशियाची हद्द इथून अगदी जवळ, त्यामुळे आमच्या लापेनरांता शहरात मोठ्या इमारतीखाली जाड लोखंडी दाराचा बंकर असतोच. आमचा सायकली, स्की आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सिर्काच्या बटाट्यांनी भरलेला असायचा, इतकंच.

देश लष्करी आघाडीत सामील झाला आणि ओइवाची छाती जी फुगली ती खाली बसेचना. इमारतीत बोलणारी मी एकटी, म्हणून कचरा टाकायला गेले की मलाच गाठायचा.

"आपण तयार दिसलो ना, की कोणाची हिंमत होत नाही. शांतता फुकट मिळत नाही, हेल्का!"

"खरंय. पण सिर्काच्या बटाट्यांना कोंब फुटलेत. पहिला हल्ला तेच करतील."

इमारतीच्या वसंतातल्या सभेत त्याच सिर्कानं तोफ डागली. "हा प्रमुख नुसती शिट्टी वाजवतो. माझ्या भाच्याला नेमा, तो राखीव दलात आहे."

ओइवाचा चेहरा उतरला. बायको गेल्यापासून या माणसाला बंकरशिवाय होतं काय? तो उठला आणि म्हणाला, "शनिवारी सराव. भोंगा वाजल्यावर दहा मिनिटांत सगळे खाली आले नाहीत, तर बंकरची किल्ली तुझ्या भाच्याला."

शनिवारी त्यानं एकट्यानं बंकर रिकामा केला. बटाटेसुद्धा अंगणात. मग भोंगा वाजला. मी कोट चढवून दाराशी आले, तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडाची कडी वाजली. मी जागीच थांबले. जिन्यात कोणी असताना बाहेर पडायचं नाही, ही आमची रीत. दाराच्या भोकातून बघायचं, माणूस गेला की निघायचं. नाहीतर त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा माराव्या लागतात! मी कितीही बडबडी असले तरी रीत ती रीत. समोरचाही माझ्यासाठी थांबला. वरचे खालच्यांसाठी, खालचे वरच्यांसाठी. अख्खी इमारत कोट घालून, पिशवी धरून आपापल्या दारामागे उभी, आणि खाली उघड्या बंकरात ओइवा एकटा. एवढे देश आमच्या मदतीला धावून येणार म्हणून सह्या झाल्यात, आणि इथं शेजारी शेजाऱ्यादेखत जिना उतरत नाही.

शेवटी तोच धापा टाकत वर आला. "मेलात की काय सगळे? हेल्का, तू तरी यायचंस!"

"समोरचा निघेल म्हणून थांबले."

वरच्या मजल्यावरून, दारातल्या टपालाच्या फटीतून सिर्काचा आवाज आला, "ओइवा, किल्ली!"

"तू तरी कुठे उतरलीस?"

"सगळे गेले की निघणारच होते!"

ओइवा पायरीवर बसला. मग एकदम उठला. "आजचं बाद, उद्या परत. उद्या सौनाच्या क्रमानं उतरायचं!"

आता सौना म्हणजे तळघरातलं सामायिक वाफेचं न्हाणीघर, आणि त्याचा क्रम म्हणजे आमचा धर्म. प्रत्येक बिऱ्हाडाचा नंबर पाठ, आणि दुसऱ्याच्या नंबरात कोणी पाऊल टाकत नाही. रविवारी भोंगा वाजला आणि एकेक बिऱ्हाड मोजून अंतर ठेवत, कोणाचंही तोंड न बघता खाली आलं. आत सगळे भिंतीकडे तोंड करून बसले. राहिली फक्त सिर्का. ती घरात बसून राहिली असती तर किल्ली तिच्या भाच्याचीच होती. ओइवा घड्याळाकडे बघत शिट्टी चावत होता.

पण सौनाचा नंबर चुकवणं सिर्काच्या रक्तातच नाही. वेळ झाली तशी आली, सवयीनं टॉवेलही घेऊन.

"बॉम्ब पडायचा झाला तर मी शेवटी का रे?"

"नंबर तूच मागून घेतलास ना? म्हणालीस, गर्दी नको."

ओइवानं लोखंडी दार ओढून घेतलं. किल्ली अजून त्याच्याकडेच आहे. सिर्कानं मात्र आपला नंबर पहिला करावा असा अर्ज दिलाय, फक्त युद्धापुरता.