आफ्तावच्या डोक्यावरचा बर्फ

आमच्या कुर्द लोकांच्या गावात उतारच असा आहे की खालच्या घराचं धाबं तेच वरच्या घराचं अंगण. आफ्तावच्या डोक्यावर काक रौफचं अंगण. काक आम्ही थोरल्या भावाला म्हणतो, आणि रौफ तर तिच्या मेलेल्या नवऱ्याचा सख्खा थोरला भाऊ. म्हणूनच माझा राग अजून जात नाही.

रीत साधी आहे. अंगण जो वापरतो त्याने बर्फ पडल्या पडल्या फावड्याने गल्लीत ढकलायचा. ताजा बर्फ पिठासारखा असतो, लहान पोरही ढकलेल. राहू दिला की तो बसतो, दाटतो. उन्हाने वरून पाघळतो, थंडीने परत गोठून फरशीसारखा होतो. त्यावर पाऊस पडला तर पाणी वाहून जात नाही. बर्फच ते पिऊन भिजल्या गोधडीसारखा जड होतो.

हे रौफला ठाऊक नव्हतं असं नाही. इथेच त्याचे केस पिकले. पण हल्ली तो घरात शहरातले पाहुणे ठेवतो, आणि पाहुण्यांना फोटोसाठी अंगण पांढरं लागतं. त्याने रीत धाब्यावर बसवली, तीही दुसऱ्याच्या धाब्यावर.

त्या दिवशी दुपारी दक्षिणेचं ऊबदार वारं सुटलं आणि पाऊस आला. मी आफ्तावकडे बसले होते. ती सुती जोडे विणते. वरून तिच्या सुतावर माती पडली आणि तुळई करकरली. आम्ही दोघी वर गेलो.

"काक रौफ, बर्फ काढा. तुळई बोलायला लागली."

"पाहुणे जेवतायत, आफ्ताव. पाऊस थांबला की त्यांना बर्फाचा माणूस करायचाय. उद्या काढतो."

"उद्या मी त्या माणसाखाली असेन."

"तुझं आपलं नेहमीचं रडगाणं. माझ्या भावाने बसवलेली तुळई आहे, हलायची नाही."

"भावाचं नाव घेऊ नकोस!" आजवर तिने त्याला अरेतुरे केलं नव्हतं. "त्याने ती माझ्यासाठी बसवली. तुझ्या पाहुण्यांच्या फोटोसाठी नाही."

रौफने दार लावून घेतलं.

आफ्तावने खालून फावडी आणली आणि त्याच्याच अंगणात बर्फ उपसायला लागली. आमच्याकडे दुसऱ्याच्या अंगणातला बर्फ शेजारी फक्त एकाच प्रसंगी काढतात, त्या घरात मयत झाली की.

"आफ्ताव, जित्या माणसाचं असं करू नये. अल्लाला आवडत नाही."

"मी चिरडलेली आवडेन का त्याला? फावडं घे, नाहीतर बाजूला हो."

मी बिस्मिल्ला म्हटलं आणि फावडं घेतलं.

गल्लीतून, मयतांना दुआ पढणारा म्हातारा फकी सालेह ओरडला, "कोण गेलं गं?"

"या घरात बर्फ काढायला पुरुष उरला नाही," आफ्ताव म्हणाली.

"रौफ? या अल्ला! सकाळी तर माझ्याशी भांडला. भला माणूस होता."

"नव्हता. पण तुम्ही म्हणा."

बघता बघता अर्धी गल्ली फावडी घेऊन वर आली. ओला बर्फ लाद्यांसारखा निघत होता, एकेक लादी दोघांनी उचलायची. फकी सालेहने फातिहा पढायला हात उचलले, तेवढ्यात दार उघडलं. चहाची किटली घेऊन रौफ उभा, मागे त्याचे पाहुणे.

"हा काय चावटपणा! मी जिवंत आहे!"

फकी सालेहने हात खाली केले नाहीत. "मग तुझं फावडं कुठाय?"

लोक हसले. एका पाहुण्याने फोटोही काढला. रौफचा चेहरा लालबुंद झाला, पण त्याने किटली ठेवली आणि फावडं घेतलं. अंगण मोकळं होईपर्यंत आफ्ताव त्याच्या शेजारी राबत होती.

मग तो खाली तुळई बघायला आला. भिंतीपाशी ती उभी चिरली होती. त्याने चिरेत बोट घातलं, ते पेरभर आत गेलं.

"टेकू लावतो," तो शेवटी म्हणाला.

"टेकू लाव. नवी तुळई आण. आणि ती बसेपर्यंत मी तुझ्या पाहुण्यांच्या खोलीत झोपणार."

"अगं, ते पैसे देऊन राहिलेत. त्यांना कुठे घालू?"

"इथे. तुझ्या भावाची तुळई आहे ना, हलायची नाही."

तिने अंथरूण गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि त्याच्या शेजारून वर निघाली. मी तिची उशी उचलली.